मीठ खात्यातले अळणीबुवा

गजाननकाका गेले तेव्हा आमच्या आळीनं त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं असं परस्पर ठरवून टाकलं. शिस्तीचा माणूस होता, वाचन दांडगं होतं, कुणाच्या पैशाला शिवला नाही. हे सगळं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी चौलात त्यांच्या कुंपणाला कुंपण लावून संसार केला, आणि माझं मत विचाराल तर इतका फुकटचा शहाणा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आळीतल्या आम्ही सुना त्यांना तोंडावर काका म्हणायचो आणि पाठ वळली की अळणीबुवा.

काका मीठ खात्यात कारकून होते. उरण-पेणकडच्या मिठागरांवर त्यांची सगळी नोकरी झाली. मिठावर सरकारचा कर, त्यामुळे मिठाच्या राशींवर पहारा, आणि कर चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून नाक्यावर झडती. होडीच्या तळाशी, गवताच्या भाऱ्यात, बायकांच्या ओच्यात लपवलेलं मीठ काका बरोबर हुडकून काढायचे. एका आगरी बाईच्या ओच्यातलं ओंजळभर मीठ आपण कसं ओळखलं, ती चालताना डावा हात कसा पोटाशी धरून होती, हे ते जेवणाच्या पंगतीत रंगवून सांगत. ओंजळभर मीठ बरं का. त्या बाईचं पुढं काय झालं असं मी एकदा विचारलं, तर ते त्यांना आठवत नव्हतं.

पेन्शन घेऊन ते चौलला आले. नारळ-सुपारीची वाडी होती, काकूंसारखी गरीब बायको होती, मुलगा वसंत मुंबईला एका पेढीत चिकटला होता. माणसानं सुखानं पान खात ओटीवर बसावं की नाही? पण काकांना आंबट ढेकरांचा जुना त्रास. त्यावर त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचून मीठ सोडलं, आणि ढेकर थांबले. झालं. नाक्यावरच्या खानावळीतलं तेलकट जेवण सुटून काकूंच्या हातचा ऊन-ऊन वरणभात सुरू झाला होता, तेही त्याच सुमाराला. पण त्याचं श्रेय काकूंना द्यायचं म्हणजे बायकोला श्रेय द्यायचं. ते काकांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी ते मिठाच्या नावावर टाकलं.

मग त्यांनी शास्त्र रचलं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात घरोघर कैरी कापतात, मीठ चोळून ठेवतात, तिला पाणी सुटतं. कोळीवाड्यात मासळीला मीठ लावतात, तिचंही पाणी सुटतं आणि ती सुकून टिकते. हे इथं पाळण्यातल्या पोराला ठाऊक आहे. काकांनी त्यातून माणसाच्या पोटाचं अनुमान काढलं. म्हणायचे, "आतडं म्हणजे काय? मांसच ना? त्याला दोन वेळा मीठ चोळता, मग त्याचं पाणी सुटणार नाही? ते वाळणार नाही? वाळक्या आतड्यात अन्न पचेल कसं? आपण सगळे आतून खारवलेले बोंबील आहोत." समोरचा माणूस हसला की ते आणखी गंभीर व्हायचे. आपण विनोद करतो आहोत अशी शंकासुद्धा त्यांना कधी आली नाही.

ह्या शास्त्राचा प्रयोगही असे. रेवदंड्याच्या बाजारात हसनमियाँचं किराण्याचं दुकान होतं. मिठाची गोणी फळीपाशीच उघडी, म्हणून काकांनी मुद्दाम ती जागा निवडली. दोन वाट्यांत कैरीच्या फोडी मांडल्या, एकीत मीठ घातलं, एकीत नाही, आणि पाणी सुटेपर्यंत गिऱ्हाइकांना व्याख्यान देत उभे राहिले. हसनमियाँ अदबीचा माणूस. त्यानं काकांना बसायला स्टूल दिलं, मान डोलावत सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकता ऐकता मिठाच्या वाटीतल्या फोडी एकेक करून खाऊन टाकल्या. काकांनी खाली पाहिलं तर वाटीत चमचाभर खारं पाणी. "मियाँ, हे काय केलंत?" तर तो म्हणाला, "काका, माफी करा, बोलन्यात ध्यान लागला होता. लई गोड लागत होत्या." त्यानंतर बरेच दिवस काकांनी त्या दुकानाची पायरी चढली नाही.

मासे मात्र त्यांना हवे असत. सुके बोंबील काकूंनी इतक्या पाण्यांतून काढायचे की त्यातलं मीठ जाऊन शेवटी जे काही उरायचं त्याला चव नावाची गोष्टच नसायची. म्हावरं घेऊन येणारी कोळीण एकदा ते पाहून म्हणाली, "काकू, ह्याला मासली म्हनत न्हाय. ह्या चिंध्या हायेत." काकू हसल्या. काकांनी आतून विचारलं, काय म्हणते ती? काकू म्हणाल्या, काही नाही, भाव सांगते आहे.

तीसच्या साली मिठाची चळवळ आमच्या किनाऱ्यावर आली तेव्हा तर काकांनी कमाल केली. गावातली पोरं समुद्राचं पाणी कढईत आटवत होती, पोलीस दंडुके घेऊन उभे होते, बायका ओवाळायला ताटं घेऊन आल्या होत्या. आणि पोरं नि पोलीस ह्यांच्या मधोमध काका छत्री उघडून उभे. म्हणाले, "सरकारनं मिठावर कर लावला हे उत्तम केलं, फक्त तो फार कमी आहे. आणि मुलांनो, तुम्ही तुरुंगात जाताय ते कशासाठी, तर विषासाठी." पोलिसानं त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. पोरांनी ओली वाळू फेकली. घरी येऊन धोतर झटकत ते काकूंना म्हणाले की दोन्ही बाजू अडाणी आहेत. जग एकीकडे आणि आपण एकीकडे ह्यात त्यांना केवढं सुख वाटे. पोरांची डोकी फुटली त्या दिवशी, आणि ह्यांना धोतराची काळजी.

इथपर्यंत ठीक होतं. गावात असा एखादा नग असतो, लोक हसतात आणि सोडून देतात. पण त्याच दिवशी संध्याकाळी काकांनी घरातलं सगळ्यांचंच मीठ बंद केलं, आणि मग त्यात हसण्यासारखं काही राहिलं नाही.

काकू एरवीही चातुर्मासात अळणी जेवायच्या, म्हणून त्यांनी तेही मुकाट्यानं सोसलं. वसंत मुंबईच्या खानावळीत दोन वेळा व्यवस्थित मीठमिरची हाणायचा आणि गणपतीला घरी आला की खाली मान घालून बापासमोर अळणी गिळायचा. ह्या घरात इंदू सून म्हणून आली. म्हसळ्याकडची मुलगी, अंगानं भरलेली, हसरी, कामाला वाघीण. पहिल्याच जेवणाला तिनं ताटात मीठ कुठंय म्हणून विचारलं. काकांनी हातातला घास खाली ठेवला आणि आतडं सांगायला घेतलं. भात थंड झाला. नवी नवरी मान खाली घालून ऐकत राहिली.

आणि नुसतं सांगून थांबेल तो अळणीबुवा कसला. मीठ खात्यातली विद्या त्यांनी आता स्वतःच्या स्वयंपाकघरात चालवली. दिवेलागणीपूर्वी हे आत शिरणार, डबे हलवून बघणार, तांदळाच्या पिंपात हात घालणार, पिठाच्या डब्यात बोट फिरवून चाखणार. एकदा इंदूच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूच्या घडीत त्यांना कागदाची पुडी सापडली. त्या दिवशी तिचे वडील लेकीला भेटायला म्हणून म्हसळ्याहून आले होते. काकांनी ती पुडी ओटीवर त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "हे तुमच्या मुलीनं चोरून ठेवलं होतं." तो बिचारा माणूस जमिनीकडे बघत बसला. इंदू दाराआड उभी होती. मी कुंपणापलीकडून पाहिलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिमूटभर मिठासाठी पोटच्या पोरीसारख्या सुनेला चोर ठरवणारा माणूस कितीही वाचो, मला त्याची किंमत नाही.

इंदूला मुलगा झाला. अंगावर पिणारं पोर, वैशाखाचा उन्हाळा, विहिरीचं पाणी शेंदायचं, वाडीला शिंपण करायचं. घामानं पोरीचं लुगडं दिवसभर ओलं. विहिरीवर तिला घेरी यायची, पायांत गोळे यायचे. मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "मालती, तुला कळायचं नाही. जुनं विष बाहेर पडतंय."

त्याच दिवसांत आळीत जुलाब-उलटीची साथ आली. पटकी नव्हती, पण दोन दिवस माणसाला झोपवणारी होती. आमच्या घरीही झाली. आम्ही काय केलं? आजीपणजीपासून करतात तेच, तांदळाची पेज पातळ करून त्यात मीठ घातलं आणि वाटी वाटी पाजत राहिलो. तिसऱ्या दिवशी सगळे उठून बसले. मग इंदूला लागण झाली. काकांनी तिच्या खाटेशी खुर्ची मांडली, नाक्यावर मांडायचे तशी, आणि औषध ठरवलं ते पाण्याचं. उकळून गार केलेलं नुसतं पाणी. जेवढं जातंय तेवढं पाणी भरायचं, सोपा हिशेब. तांब्यामागून तांब्या. ती पिई आणि ओकून टाकी, पुन्हा पिई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर मला ती ओळखूच येईना. डोळे खोबणीत गेलेले, पोटऱ्या आखडून दगड झालेल्या, बोलणं बरळल्यासारखं. काकूंना ती आई म्हणून हाक मारत होती आणि विचारत होती, आपण म्हसळ्याला कधी पोचणार. दूध आटलं होतं. पोर पाळण्यात रडून रडून निळं पडायला आलं होतं. काकू पेजेची वाटी घेऊन उभ्या होत्या. काकांनी वाटी हातात घेतली, बोट बुडवून जिभेला लावलं, आणि उठून सगळी पेज अंगणात ओतून आले. मग परत खुर्चीवर बसले. म्हणाले, "मी इथं असेपर्यंत हे चालणार नाही." त्यांनी परत दिलेली रिकामी वाटी काकूंच्या हातात. त्या माझ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्या बाईनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

मी घरी आले आणि आमच्या ह्यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता सर्व्हिस मोटारीनं अलिबागला जा आणि डॉक्टर घेऊन या, नाही मिळाला तर घरी येऊ नका. हे भिडस्त, कुणाच्या घरात पडू नये म्हणणारे. पण माझं तोंड बघून निघाले. दुपारी डॉक्टर आले. तरुण होते, घामाघूम झाले होते, हातात मोठी पेटी. इंदूची नाडी बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. त्यांनी विचारलं, मीठ खाते का ही? काका ताठ झाले आणि अभिमानानं म्हणाले, "लग्न झाल्यापासून कणही नाही." डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

त्यांनी पाळणा सोडवायला लावला आणि पाळण्याच्या कडीला काचेची बाटली टांगली. रबरी नळी, सुई, आणि ते पाणी थेंब थेंब इंदूच्या हाताच्या शिरेत. काकांनी विचारलं, काय आहे त्यात? डॉक्टर म्हणाले, मिठाचं पाणी. मग ते काकूंना समजावून सांगायला लागले, काकांना नाही. "बाई, अंगातलं पाणी मिठाच्या आधारानं टिकतं. जुलाबात पाणी जातं तसं मीठही जातं. त्यावर नुसतं पाणी ओतत राहिलं की उरलेलं मीठही पातळ होतं, आणि ते पाणी अंगात ठरत नाही. हिच्या अंगात तर आधीच मीठ नव्हतं, सगळं घामानं गेलेलं. अन्न पचवायला पोटात जो आंबट रस लागतो, तोसुद्धा मिठावाचून धड होत नाही." काकू पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मी म्हटलं, वाचेल ना? ते म्हणाले, अजून सांगता येत नाही.

उन्हं उतरली तेव्हा इंदूनं डोळे उघडले आणि पोराला मागितलं. काकू तिथंच जमिनीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

मला वाटलं, आता तरी हा माणूस लाजेल. चार दिवस तोंड लपवून घरात बसेल. डोंबल माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आळीत उभं राहून लोकांना सांगत होते, "पाहिलंत ना? डॉक्टरनंसुद्धा पोटात मीठ घातलं नाही, थेट रक्तात दिलं. आतड्याला मीठ चालत नाही हे शेवटी अलिबागच्या डॉक्टरला मान्य करावं लागलं." मी तुळशीला पाणी घालत होते. तांब्या फेकून मारावासा वाटला, खरं सांगते.

इंदू उठून हिंडाफिरायला लागली आणि तिनं चुलीशेजारी मिठानं भरलेली मातीची सट आणून ठेवली. काका नेहमीप्रमाणे आत आले, सटीकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "मामंजी, ही इथंच राहील." काका तसेच बाहेर गेले. झडती त्या दिवसापासून बंद झाली. त्यांचं अळणी तेवढं ती वेगळं काढून ठेवायची, न चुकता.

पुढं काही वर्षांनी काकू गेल्या, आणि काकांचं शास्त्र हळूहळू पाझरायला लागलं. आधी म्हणाले, सैंधव चालतं, ते मीठच नव्हे, ते खनिज आहे. मग म्हणाले, लोणचं मुरलं की त्यातल्या मिठाचं रूपांतर होतं. मग खाराच्या मिरच्या आल्या, मग सुकट. आपण चुकलो असं ते कधीही म्हणाले नाहीत. दरवेळी शास्त्रच थोडं पुढं गेलेलं असायचं, आणि ते पुढं नेणारे हेच.

मग त्यांच्या पायांना सूज आली. आधी घोटे, मग पोटऱ्या, बोट दाबलं की खळगा पडायचा. उताणं निजलं की दम लागायचा. पुन्हा तेच अलिबागचे डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं की हृदय थकलंय, अंगात पाणी साचतंय, आणि मीठ ते पाणी धरून ठेवतंय. म्हणून मीठ पूर्ण बंद. सैंधव नाही, लोणचं नाही, पाणीसुद्धा मोजून. आता बघा, जन्मभर जे गावाच्या कानीकपाळी ओरडत होते ते एकदाचं खरं ठरलं होतं, फक्त एका शरीरापुरतं, आणि ते शरीर त्यांचंच होतं. आठवडाभर नाही निभावलं त्यांना. ताट भिरकावून दिलं. डॉक्टर अडाणी आहे म्हणाले. म्हातारपणी शरीराला मीठ लागतंच, असं कुठल्याशा पुस्तकात आहे म्हणाले.

वसंत सुट्टीवर आला होता तो विरघळला. दे गं चिमूटभर, किती दिवस राहिलेत त्यांचे, असं बायकोला म्हणाला. इंदू म्हणाली, "तुम्ही मुंबईला जाल. रात्रंदिवस दम लागलेलं माणूस मी बघते." आणि दिलं नाही.

मी एकदा तिला विहिरीवर गाठलं आणि सरळ विचारलं. म्हटलं, "इंदू, खरं सांग, त्यांना नाही म्हणताना तुला बरं वाटतं का गं?"

तिनं घागर काठावर ठेवली. म्हणाली, "वाटतं, वहिनी. मनातून फार बरं वाटतं. पण बरं वाटतं म्हणून देत नाही असं नाही. दिलं तर मरतील ते." मग म्हणाली, "कधी कधी वाटतं देऊन टाकावं." आणि घागर उचलून निघाली.

त्यानंतर एकदाच मी काकांना पाहिलं. ओटीवर आरामखुर्चीत होते, पाय पाटावर, नडग्यांची कातडी ताणून चकाकत होती. मला बघून त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "मालती, ही मला मारणार आहे. तुझ्याकडे लोणच्याची फोड असेल बघ. एकच." मी म्हटलं, "डॉक्टरांनी नको सांगितलंय, काका." मला त्यांची दया येत नव्हती. खोटं कशाला बोलू? इंदू पेज घेऊन बाहेर आली, शेजारी बसली आणि चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा नेला. तेव्हा हा एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळत मिशीपाशी आलं, आणि त्यांची जीभ बाहेर आली, ते टिपायला.

इंदूनं चमचा वाटीत ठेवला. पदर हातात घेतला आणि त्यांचं तोंड पुसलं, नीट, अगदी कोरडं होईपर्यंत.